वुल्फनस्टाइनचा फेरफार

दिवाळीत औशाला बहिणीकडे होतो. भाचा लॅपटॉपवर बंदुकीचा एक गेम खेळत बसला होता. पडद्यावरचं नाव वाचलं आणि मी तिथेच टेकलो. वुल्फनस्टाइन. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते १९९६ साली, लातूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटलेल्या फ्लॉपीच्या यादीत.

"ह्यो गेम तव्हापासून हाय?" भाच्याने विचारलं. "मग ह्याचा पयला कोणता, मामा?"

मी लगेच सांगितलं, वुल्फनस्टाइन थ्रीडी, साल १९९२. आमच्या पिढीत हे उत्तर सगळे असंच देतात. भाचा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नावातच थ्रीडी हाय म्हणजे त्याच्या आधी एखादा साधा आसंल की."

पोरगं बरोबर बोललं होतं. साधा होता. त्याचं नाव कॅसल वुल्फनस्टाइन, साल १९८१. आज शूटर गेम खेळणाऱ्या शंभर जणांना विचारलं तर त्याचं नाव सांगणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्या रात्री भाच्याला जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. एखाद्या गेमचं मूळ शोधायचं कसं, आणि या गेमच्या बाबतीत ते शोधल्यावर हाती काय लागतं, असे या लेखाचे दोन भाग आहेत. दुसरा मला जास्त जिव्हाळ्याचा आहे.

आमच्या भागात मूळ शोधणं म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. सातबाऱ्यावर जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. ते नाव तिथं कसं चढलं, खरेदीने, वारसाने, वाटणीने की बक्षीसपत्राने, हे कळायला फेरफार काढावा लागतो. त्याच्या मागे जायचं तर पन्नासच्या दशकातलं खासरा पत्रक, आणि त्याच्याही मागे निजामाच्या अमलातले उर्दू कागद. २०२३ नंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसाची किंमत घरोघरी कळली. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट पक्की समजते. नाव एकाचं असतं, वहिवाट दुसऱ्याची असते आणि विहीर तिसऱ्यानेच खोदलेली असते. तिन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

गेमचंही तसंच आहे. "हा गेम त्या गेमवरून आला" असं कुणी म्हटलं की विचारायचं, नेमकं काय आलं? नाव आलं, गोष्ट आली, खेळायची रीत आली, की पडद्यावर चित्र काढायचं तंत्र आलं? आणि प्रत्येकासाठी पुरावा वेगळा मागायचा. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे करणाऱ्याने स्वतः सांगितलेलं. मग तारखा, म्हणजे आधीचा गेम नंतरच्या माणसाच्या हाती पडू शकत होता का. आणि मग वस्तू स्वतः: नव्या गेममध्ये जुन्याच्या खुणा कुठे राहिल्यात का. नुसतं साम्य हा सर्वांत कच्चा पुरावा. दोन शेतांत तूर उभी आहे म्हणून दोघांचा आजा एक होत नाही.

आता मूळ गेमकडे येतो.

अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात म्यूझ सॉफ्टवेअर नावाची छोटी कंपनी होती. तिथे सायलस वॉर्नर हा प्रोग्रॅमर काम करायचा. त्याआधी तो इंडियाना विद्यापीठात प्लेटो या मोठ्या सामाईक संगणक व्यवस्थेवर काम करत होता, त्यामुळे पडद्यावरच्या खेळांशी त्याची जुनी ओळख होती. १९८०च्या सुमाराला त्याने बर्झर्क हा आर्केड गेम, म्हणजे दुकानातल्या यंत्रात नाणं टाकून खेळायचा गेम, पाहिला. स्टर्न कंपनीचा हा गेम अॅलन मॅकनील याने केलेला. खोल्यांचा चक्रव्यूह, प्रत्येक खोलीत रोबो, आपण गोळ्या झाडत एका दारातून पुढच्या खोलीत जायचं. आणि ते रोबो बोलायचे. यंत्राच्या घोगऱ्या आवाजात धमकी द्यायचे. १९८० साली गेमने बोलणं ही थोडीथोडकी गोष्ट नव्हती.

वॉर्नरला असंच काही करायचं होतं, पण रोबोंचे गेम तेव्हा उदंड झाले होते. तेवढ्यात त्याच्या पाहण्यात 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' हा १९६१चा युद्धपट आला. शत्रूच्या मजबूत ठाण्यात मूठभर माणसं गुपचूप शिरतात, ही त्याची कथा. झालं, रोबोंच्या जागी नाझी सैनिक आले आणि चक्रव्यूहाच्या जागी किल्ला. म्हणजे आपण ज्याला मूळपुरुष म्हणतोय, त्यालाही बाप होता, आणि एक नव्हे, दोन होते. मूळ शोधताना हे नेहमीच घडतं. एक कागद हाती लागला की तो आणखी मागच्या दोन कागदांकडे बोट दाखवतो.

कॅसल वुल्फनस्टाइन ॲपल-२ या घरगुती संगणकावर चालायचा. या यंत्राची मेमरी ४८ किलोबाइट. आज फोनवरून सहज पाठवलेला एखादा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. पडद्यावर किल्ल्याची खोली वरून पाहिल्यासारखी दिसायची, नकाशासारखी. आपण त्या किल्ल्यातले कैदी. शत्रूचे गुप्त युद्ध-आराखडे शोधायचे आणि जिवंत बाहेर पडायचं. खोल्या साठेक, आणि नवा डाव मांडला की किल्ल्याची रचना बदललेली.

पण खरी गंमत रीतीत होती. गोळ्या मोजक्याच. त्या संपल्या की संपल्या. म्हणून प्रत्येक पहारेकऱ्याला मारत सुटणं परवडायचंच नाही. त्याच्यावर पिस्तूल रोखलं की तो हात वर करायचा. मग त्याची झडती घ्यायची. गोळ्या मिळायच्या, किल्ल्या मिळायच्या. पेट्या उघडायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात कुणी आलं तर पंचाईत. त्यांचा गणवेश सापडला तर तो अंगावर चढवून साध्या पहारेकऱ्यांच्या समोरून सरळ चालत जाता यायचं. छातीवर खूण असलेले एसएस, म्हणजे नाझींच्या खास दलाचे, सैनिक मात्र अशा वेषाला फसायचे नाहीत. ते अंगात चिलखत घालून असायचे आणि एकदा संशय आला की खोल्याखोल्यांतून पाठलाग करायचे. लपणं, फसवणं, थांबणं, हिशेब करणं, आणि गोळीबार अगदी शेवटी. अशा गेमना आज स्टेल्थ म्हणतात. १९८१ साली असं काही करून पाहणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गेममध्ये याची गणती होते.

आणि आवाज. इथे मला जरा थांबावंच लागेल.

ॲपल-२ मधल्या स्पीकरला सूर काढता यायचा नाही. त्याला एकच गोष्ट यायची, टक् करणं. प्रोसेसरने एक विशिष्ट जागा वाचली की स्पीकरचा पडदा एकदा हलायचा, बस. उंची नाही, खोली नाही, लहानमोठेपणा नाही. पण हे टक् सेकंदाला हजारो वेळा, नेमक्या अंतराने केले, तर कानाला ते बोलल्यासारखं ऐकू येतं. दवंडी देणारा माणूस एकाच डफावर निव्वळ थापेच्या अंतरावरून वेगवेगळे ठेके उभे करतो, तसं काहीसं. म्यूझने माणसाचा आवाज अशा टक्-टक् मध्ये उतरवून घेणारा द व्हॉइस नावाचा प्रोग्रॅम आधीच बनवला होता. तो वापरून वॉर्नरने पहारेकऱ्यांच्या तोंडी जर्मन शब्द घातले. आपण दिसलो की ते ओरडायचे, "हाल्ट!", म्हणजे थांब! अंधाऱ्या खोलीत, एकट्याने, ४८ किलोबाइटच्या डब्यातून अचानक माणसाचा आवाज येतो. ज्यांनी तो तेव्हा ऐकला त्यांच्या मनातून तो गेला नाही, यात नवल नाही.

त्या काळात ॲपल-२ वर वाढलेल्या पोरांमध्ये एक होता जॉन रोमेरो. पुढे त्याने स्वतः ॲपल-२ साठी गेम लिहिले, मासिकांतून छापून आणले. म्हणजे तारखांचा आणि संधीचा प्रश्न इथे सुटतो. हा गेम त्याच्या बालपणाच्या यंत्रावरचाच होता.

१९९१ साली रोमेरो, जॉन कारमॅक, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक (आडनाव सारखं, नातं नाही) यांनी इड सॉफ्टवेअर कंपनी काढली. त्याच वर्षी त्यांनी हॉवरटँक थ्रीडी आणि कॅटाकोम्ब थ्रीडी हे दोन गेम केले. दोन्हींत खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून जग दिसायचं. पुढचा गेम कोणता करायचा यावर चर्चा चालू असताना रोमेरो म्हणाला, कॅसल वुल्फनस्टाइन थ्रीडीत करू. हॉल आणि जॉन कारमॅकलाही तो जुना गेम ठाऊक होता, कल्पना एकदम पसंत पडली. हे त्या माणसांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणतो तो हाच.

नावाचा व्यवहार तर अक्षरशः फेरफार आहे. सुरुवातीला त्यांना वाटलं, हे नाव आपल्याला वापरता येणार नाही, म्हणून दुसरी नावं शोधून झाली. मग वॉर्नरशी संपर्क केला. तेव्हा कळलं की म्यूझ कंपनी केव्हाच बंद पडली आहे आणि हक्क विकले गेले आहेत. शोध घेत घेत ते मिशिगन राज्यातल्या एका व्यक्तीपर्यंत पोचले आणि १९९२च्या एप्रिलच्या मध्याला ५,००० डॉलरला त्यांनी ते हक्क विकत घेतले. ५ मे १९९२ला वुल्फनस्टाइन थ्रीडी बाजारात आला. नाव हातात आलं आणि तीनेक आठवड्यांत गेम बाहेर. ज्याने हे नाव पहिल्यांदा किल्ल्याला दिलं, त्या वॉर्नरच्या हातात तेव्हा त्याचा कुठलाच हक्क उरला नव्हता. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, आजही वाटतं. २००४ साली वॉर्नर गेला.

तंत्र मात्र जुन्या गेमकडून आलेलं नाही. ते इडचं स्वतःचं, आधीच्या दोन गेममध्ये घोटलेलं. ते समजून घेण्यासारखं आहे आणि दिसतं तितकं अवघड नाही.

औसा रस्त्याला उभं राहून विजेच्या खांबांकडे बघा. सगळे सारख्या उंचीचे, पण जवळचा उंच दिसतो, लांबचा बुटका. उंची किती दिसणार हे अंतरावर ठरतं. अंतर दुप्पट झालं की उंची निम्मी. जॉन कारमॅकने हाच नियम पकडला. किल्ल्याचा नकाशा म्हणजे ६४ गुणिले ६४ चौकोनांचा पट. चौकोन एक तर भिंत असतो, नाही तर मोकळी जागा. सगळ्या भिंती एकाच उंचीच्या, सगळे कोपरे काटकोनात. पडदा ३२० ठिपके रुंद आणि २०० ठिपके उंच, म्हणजे एकूण ६४,००० ठिपके. त्या काळच्या २८६ प्रोसेसरला एवढ्या ठिपक्यांचा वेगवेगळा विचार सेकंदात अनेकदा करणं झेपणारं नव्हतं.

म्हणून त्याने ठिपक्यांचा नाद सोडला आणि उभ्या पट्ट्या धरल्या. धुऱ्यावर उभं राहून रात्री बॅटरीचा झोत पिकाच्या एकेका तासात सोडावा, तसा खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून प्रत्येक पट्टीसाठी एक किरण पटावर सोडायचा. तो ज्या भिंतीला आधी धडकेल तिचं अंतर मोजायचं. अंतर कमी तर पट्टी उंच काढायची, जास्त तर बुटकी. फार तर ३२० किरण, ३२० उत्तरं, आणि पडदा भरला. याला रे कास्टिंग म्हणतात. जमिनीला आणि छताला नुसता सपाट रंग, त्यामुळे तिथे हिशेबच नाही. वर बघता येत नाही, खाली वाकता येत नाही, जिने नाहीत. या सगळ्या गोष्टी सोडून दिल्या म्हणून वेग मिळाला.

आणि हा वेगच त्या जुन्या गेमच्या जिवावर उठला.

सुरुवातीच्या बेतात जुन्याच्या रीती होत्या. मेलेल्या सैनिकांची झडती घ्यायची, मृतदेह ओढून लपवायचे, पेट्या उघडायच्या. पण करून पाहिल्यावर लक्षात आलं की या प्रत्येक गोष्टीपाशी गेम थांबतो. धावण्यात आणि गोळ्या झाडण्यात जी मजा येत होती ती प्रत्येक पेटीपाशी अडायची. म्हणून त्या रीती काढून टाकल्या. खेळ म्हणून हा निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. पण त्याचा अर्थ असा की वुल्फनस्टाइन थ्रीडीला कॅसल वुल्फनस्टाइनकडून नाव मिळालं, कैद्याची गोष्ट मिळाली, नाझींचा किल्ला मिळाला. स्वभाव मात्र मिळाला नाही. जमीन नावावर आली, पण तिच्यावर घेतलं जाणारं पीकच बदललं.

खुणा शोधल्या तर अजूनही सापडतात. गेम सुरू होतो तो कोठडीत, शेजारी एक पहारेकरी मरून पडलेला, म्हणजे आपण अजूनही पळणारा कैदीच. जमिनीवर पडलेलं अन्न खाल्लं की प्रकृती सुधारते. जुन्या गेममध्येही पेट्यांतून खायचे जिन्नस निघायचे. भिंतीत लपलेल्या सरकत्या चोरवाटा टॉम हॉलने हट्टाने घालून घेतल्या. कारमॅक आधी तयार नव्हता, मागे लागून लागून त्याला राजी केलं. किल्ल्यात काहीतरी दडलेलं असावं ही जुन्या गेमची चव त्या चोरवाटांमध्ये थोडीशी उरली आहे. आणि सैनिक अजूनही ओरडतात. दिसलो की "आख्टुंग!" (सावधान!), मरताना "माइन लेबेन!" (माझा जीव!). बर्झर्कच्या रोबोपासून निघालेला बोलण्याचा वारसा तिसऱ्या पिढीत पोचला तो असा.

आम्ही मात्र तो आवाज ऐकलाच नव्हता. लातूरच्या क्लासमधल्या संगणकांना साउंड कार्ड नव्हतं आणि या गेममधलं बोलणं साउंड ब्लास्टरसारख्या कार्डाशिवाय ऐकू येत नसे. आमच्या डब्यातून नुसते पीं-पीं आवाज यायचे. वर्षभराने छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, एका मामेभावाच्या हॉस्टेलवर मी तोच गेम स्पीकर लावून पाहिला आणि सैनिक ओरडल्यावर खुर्चीतून उठून उभा राहिलो. १९८१च्या साध्या यंत्राने जे टक्-टक् मधून साधलं होतं, ते १९९६च्या आमच्या यंत्रावर हा गेम वेगळ्या कार्डाशिवाय करत नव्हता, हे मला फार पुढे कळलं.

गेम आमच्यापर्यंत पोचला तोही त्याच्या विक्रीच्या पद्धतीमुळे. शेअरवेअर म्हणायचे त्याला. पहिला भाग फुकट, खुशाल कॉपी करा, मित्राला द्या. आवडला तर पैसे पाठवून उरलेले भाग मागवा. पहिला भाग एका फ्लॉपीत मावायचा. त्यामुळे तो हातोहात फिरत बाल्टिमोर-टेक्सासचं नावही न ऐकलेल्या पोरांपर्यंत आला. पण फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जाताना माहितीची पत्रकं गळून पडली आणि उरलं फक्त नाव. मूळ विसरलं जाण्याचं हे एक अगदी साधं कारण आहे. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटांचं तर आणखी वाईट; "९९९९९९९ इन १" लिहिलेल्या त्या पिवळ्या-काळ्या कॅसेटांत पुष्कळदा गेमची नावंच बदललेली असायची, कंपनी आणि सालाची ओळ पुसलेली. तुमच्या लहानपणच्या एखाद्या गेमचं मूळ शोधायचं असेल तर नावावर विसंबू नका. पहिल्या पडद्याचं चित्र, संगीत, शेवटचा शत्रू, हे आठवा आणि मूळ आवृत्त्यांशी ताडून बघा.

साम्याबद्दल मघाशी बोललो, त्याचं एक उदाहरण देतो, कारण इथे पुष्कळ जण घसरतात. १९८७ साली जपानमध्ये हिदेओ कोजिमा याने मेटल गिअर केला. शत्रूच्या ठाण्यात लपतछपत शिरायचं, गोळीबार टाळायचा. कॅसल वुल्फनस्टाइनचा सख्खा वारस वाटावा इतका सारखा. पण कोजिमाची हकिगत वेगळी आहे. त्याला युद्धाचा गेम करायला सांगितलं होतं आणि एमएसएक्स-२ या यंत्राला पडद्यावर फार शत्रू, फार गोळ्या दाखवणं जमत नव्हतं. मग लढण्याऐवजी लपण्याचा गेम करू, असं त्याने ठरवलं. अडचण सारखी आली की उपायही सारखाच सुचू शकतो. तसंच मेझ वॉर या गेमचं. खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारा चक्रव्यूह १९७३-७४ मध्येच नासाच्या एम्स संशोधन केंद्रात तयार झाला होता. पण आधी असणं वेगळं आणि पूर्वज असणं वेगळं. वुल्फनस्टाइन थ्रीडीच्या बाबतीत कॅसल वुल्फनस्टाइनला पूर्वज म्हणायचं ते करणाऱ्यांचा जबाब, तारखा, नावाचा व्यवहार आणि खुणा हे चारही एकाच दिशेला बोट दाखवतात म्हणून.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९९३मध्ये त्याच मंडळींचा डूम आला आणि शूटर गेमची रांग लागली. इडने १९९५ साली वुल्फनस्टाइन थ्रीडीचा मूळ कोडही खुला केला, त्यामुळे तो किरणांचा हिशेब आज कुणीही उघडून वाचू शकतो. भाच्याला मी तेच वाचायला सांगितलं आहे.

पण त्या रात्री त्याला कोड नको होता, तो जुना गेम बघायचा होता. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या ॲपल-२ चे गेम ब्राउझरमध्येच चालतात. लावला. बहीण फराळाचं ताट ठेवून गेली, ते तसंच राहिलं. पहिल्या दोन डावांत तो धावत सुटला आणि दोन्ही वेळा मेला. तिसऱ्या डावात जरा सावरला, दाराच्या कडेला थांबला, पहारेकरी वळल्यावर पुढे सरकला आणि पिस्तूल रोखलं. पहारेकऱ्याने हात वर केले.

भाच्याचं बोट कीबोर्डवर तसंच थांबलं. गोळ्या दोनच उरल्या होत्या.

"मामा," तो हळूच म्हणाला, "ह्याला मारू का नगं?"